भगवतीचा तिसरा भाग

चातुर्मास लागून दोन आठवडे झाले होते. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे) स्थानकात साध्वीवृंद विराजमान होता. एका सकाळी प्रवचन आटोपल्यावर महासतीजींनी संघाच्या ग्रंथालयात निरोप पाठवला, की व्याख्याप्रज्ञप्तीचा, म्हणजेच भगवती सूत्राचा, तिसरा भाग हवा आहे. पुढच्या आठवड्यात श्राविकांसमोर जयंतीच्या प्रश्नांवर बोलायचे होते. जयंती ही कौशांबीच्या राजघराण्यातील श्राविका. तिने भगवान महावीरांना विचारलेले प्रश्न भगवतीच्या बाराव्या शतकात आले आहेत, आणि ब्यावरच्या आगम प्रकाशन समितीने चार भागांत काढलेल्या आवृत्तीत बारावे शतक तिसऱ्या भागात पडते.

ग्रंथालय सांभाळणारे काकाजी निर्धास्तपणे उठले. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे त्यांनी भुसार मालाची आडत सांभाळली होती. दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यावर संघाने ग्रंथालयाच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली होती. त्यांनी दाखल नोंदवही उघडली. २१२ व्या क्रमांकावर त्यांच्याच वळणदार अक्षरात ओळ होती : 'भगवती सूत्र, १ संच.' पुढच्या रकान्यात दरवर्षीच्या तपासणीची लाल शाईची खूण आणि 'बरोबर' हा शब्द, वर्षामागून वर्ष. कपाट क्रमांक तीन, मधला कप्पा. पुस्तके जागेवर होती. पहिला भाग, दुसरा भाग, चौथा भाग.

काकाजींनी मागची रांग पाहिली, वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. मग खुर्चीवर बसून त्यांनी नोंदवहीतील लाल खुणा मोजल्या.

महासतीजींची अडचण त्याच दिवशी दूर झाली. नगरला एका घरी हाच संच होता, संध्याकाळच्या एसटीने तिसरा भाग येऊन पोहोचला आणि प्रवचन ठरल्याप्रमाणे झाले. श्राविकांनी ते मनापासून ऐकले. काकाजी मात्र त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांचे लक्ष प्रवचनात नव्हते. दुकानात त्यांनी उभ्या आयुष्यात पोती मोजल्याशिवाय साठ्याच्या कागदावर सही केली नव्हती. हुंडेकऱ्याचा माणूस कितीही घाईत असो, मोजणी झाल्याखेरीज पावती मिळत नसे. आणि इथे, धर्माच्या घरात, त्यांनी वर्षानुवर्षे न मोजता 'बरोबर' लिहिले होते.

खरे पाहता त्यांनी मोजले नव्हते असे नाही. नोंदवहीत 'एक संच' होता आणि कपाटात संच दिसत होता. एक म्हणजे एक. घोटाळा मोजणीत नव्हता, नोंदीत होता.

गावात एका कापड व्यापाऱ्याच्या घरची धाकटी सून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आलेली होती. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग कोणी विचारला नव्हता आणि तिनेही सांगितला नव्हता. काकाजींनी तिच्या सासऱ्यांकडे शब्द टाकला. दुपारी दोन ते चार, दुकानची मंडळी जेवून गेल्यावर आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी, ती ग्रंथालयात येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने नोंदवही शेवटच्या पानापर्यंत शांतपणे चाळली आणि विचारले,

"काकाजी, हा तर रोजमेळ झाला. खतावणी कुठे आहे?"

काकाजी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिले. मग हसले. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या आणि व्यापाऱ्याच्याच घरात दिलेल्या मुलीखेरीज हा प्रश्न कोणी विचारला नसता.

रोजमेळ आणि खतावणी यांचे नाते या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल ज्या दिवशी आला त्या दिवशी, ज्या क्रमाने आला त्या क्रमाने, रोजमेळात चढतो. पण अमुक पेढीकडून एकूण काय आले, कोणाचे किती येणे आहे, हे रोजमेळ उलटून कळत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे खाते असावे लागते. ग्रंथालयाची दाखल नोंदवही हा पुस्तकांचा रोजमेळ, आणि ज्याला ग्रंथालयाच्या भाषेत तालिका म्हणतात ती खतावणी. लेखकाच्या नावाने, ग्रंथाच्या नावाने, विषयाने, ज्या बाजूने वाचक येईल त्या बाजूने त्याला पुस्तकापर्यंत नेणारी. या ग्रंथालयात रोजमेळ होता, तोही स्वच्छ अक्षरातला. खतावणी काकाजींच्या डोक्यात होती.

एकट्या पुस्तकाचे यात फारसे बिघडत नाही. एक ओळ, एक पुस्तक, हिशेब मिळतो. अनेक भागांच्या ग्रंथापाशी मात्र हा मेळ तुटतो, कारण तो ग्रंथ एकाच वेळी एकही असतो आणि अनेकही असतो. भगवती सूत्र हा एक आगम आहे, त्याचे चार भाग म्हणजे चार निरनिराळे ग्रंथ नव्हेत. पण वाचक घरी नेतो तो एकच भाग नेतो, वाळवी लागते ती एका भागाला, आणि हरवतो तोही एकच भाग. म्हणून दाखल नोंदवहीत प्रत्येक भागाला त्याचा स्वतंत्र क्रमांक हवा आणि तालिकेत सगळ्या भागांची मिळून एक मुख्य नोंद हवी, जिच्याखाली कोणता भाग आहे आणि कोणता नाही हे स्पष्ट लिहिलेले असेल. केवळ 'एक संच' लिहिले की भाग हरवल्याचे कळत नाही. उलट चार भागांची चार सुटी पुस्तके म्हणून नोंद केली आणि ती चार ठिकाणी पडली, तर संच हरवतो. काकाजींच्या नोंदवहीत दोन्ही प्रकार होते. कोणी भाग एकेक करून भेट दिले असतील, तर एकाच ग्रंथाचा पहिला भाग ४० व्या क्रमांकावर, दुसरा ३११ वर, आणि मध्ये कोठलाही दुवा नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तालिका संहितेत अशा ग्रंथांचा वेगळा विचार केला आहे. त्यांच्या मते हे ग्रंथ दोन जातींचे. एका जातीत सर्व भागांचे नाव एकच, केवळ पहिला-दुसरा असा फरक. दुसऱ्या जातीत एका सामाईक नावाखाली प्रत्येक भागाला आपले वेगळे नाव. पहिल्या जातीचे भाग एका ओळीत मावतात. दुसऱ्या जातीत प्रत्येक भागाचे नाव लिहावे लागते, अन्यथा तो भाग असून नसल्यासारखा. भेद साधा वाटतो, पण पुस्तके हातात घेऊन बसले की ध्यानात येते की निम्मे संच कोणत्याच जातीत सरळ बसत नाहीत.

आगमांचेच पाहा. स्थानकवासी परंपरा बत्तीस आगम मानते. ब्यावरची आगमांची ग्रंथमाला युवाचार्य श्री मधुकर मुनीजींच्या प्रेरणेने आणि संपादनाखाली निघाली, आणि त्यांना युवाचार्य नेमणारे आचार्य आनंदऋषीजी म. सा. याच जिल्ह्यातील चिचोंडीचे. त्यामुळे या भागातल्या संघांत ही माला नसेल असे कपाट विरळा. परंतु बत्तीस आगम आणि मालेतील पुस्तके यांचा एकास एक मेळ घालू गेले तर तो बसत नाही. भगवती एकच आगम, पण पुस्तके चार. प्रज्ञापना तीन पुस्तकांत. आचारांग आणि सूत्रकृतांग दोन-दोन. उलट तीन छेदसूत्रे एकाच बांधणीत आहेत आणि निरयावलिका नावाच्या एका पुस्तकात पाच उपांगे आहेत. पुष्पिका किंवा वृष्णिदशा शोधणाऱ्याला नोंदवहीत ती नावेच सापडत नाहीत. त्यात पाठीवरचा ग्रंथांक हा प्रकाशनाच्या क्रमाचा, आगमांच्या परंपरागत क्रमाचा नव्हे. उपासकदशांग हे सातवे अंग, पण ते तिसऱ्या अंगाच्या म्हणजे स्थानांगाच्या आधी छापून आले. काकाजींनी कपाट आगमांच्या क्रमाने लावले होते, त्यांच्या आधीच्या व्यवस्थापकांनी ग्रंथांकाच्या. दोघांच्या चिठ्ठ्या अजून पाठीवर होत्या, एकीवर दुसरी.

सूनबाईंनी त्यातून काढलेला मार्ग असा. मालेची एक सामाईक नोंद, प्रत्येक आगमाची स्वतंत्र मुख्य नोंद, आणि ज्या पुस्तकात एकाहून अधिक आगम असतील तेथे आतल्या प्रत्येक आगमाच्या नावाने एकेक विश्लेषणात्मक नोंद, 'अमुक पुस्तकात पाहा' अशी. दशमान वर्गीकरणात जैन धर्माला २९४.४ हा अंक आहे खरा, पण स्थानकाच्या ग्रंथालयात जवळजवळ सारेच पुस्तकधन त्या एका अंकाखाली येते. सगळ्या घरांना एकच घरक्रमांक दिल्यासारखे. म्हणून इथे अंकापेक्षा नावाच्या नोंदींचीच भिस्त.

याहून जुना आगमसंच पहिल्या कपाटात होता. पूज्य अमोलकऋषीजी म. सा. यांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला आणि हैदराबादच्या लाला सुखदेवसहाय ज्वालाप्रसाद यांच्या द्रव्यसाहाय्याने तो सुमारे शंभर वर्षांपूर्वी छापून विनामूल्य वाटला गेला. त्याची पाने आता बोट लावले की तुटतात. अशा जुन्या जैन ग्रंथांवर इसवी सन क्वचितच असतो. कोठे वीर संवत, कोठे विक्रम, मराठी पुस्तकांवर शके. शकात ७८ मिळवले की सन मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. वीर संवतातून मात्र ५२६ वजा करायचे की ५२७, हे पुस्तक दिवाळीच्या आधी छापले की नंतर यावर अवलंबून. दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५२७, पुढे ५२६. सूनबाई प्रत्येक वेळी कागदावर मांडून पाहत, काकाजी तोंडीच सांगत. ज्यांच्या चोपड्यांचे वर्ष जन्मभर पाडव्याला बदलले, त्यांना हे शिकवावे लागत नाही.

दुपारी काम करताना दोघांत गप्पा होत, आणि बोलणे संचांच्या गमतींकडे वळे. दिगंबर परंपरेतील षट्खंडागम धवला टीकेसह डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केला. पहिले पुस्तक १९३९ मध्ये अमरावतीहून निघाले आणि एकूण सोळा पुस्तके झाली. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. आता नावावरून कोणीही म्हणेल, सहा खंड. पण पहिला खंडच सहा पुस्तकांचा आहे, दुसरा एका पुस्तकात संपतो, आणि सहावा खंड जो महाबंध, तो या सोळा पुस्तकांत नाहीच. तो भारतीय ज्ञानपीठाने वेगळा, सात पुस्तकांत छापला. 'खंड' हा शब्द मूळ ग्रंथकाराचा, 'पुस्तक' हा छापणाऱ्याचा. नोंद करणाऱ्याने दोन्ही एकच समजले, तर 'सातवा खंड' अशी न अस्तित्वात असलेली वस्तू तालिकेत जन्माला येते.

मराठीतले मोठे कोशही याला अपवाद नाहीत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड. त्यासाठी त्यांनी रीतसर मर्यादित कंपनी काढली होती आणि तिचे भाग विकले होते, हे ऐकून काकाजींना केतकरांबद्दल एकदम आपुलकी वाटली. पण 'अ' पाहावा म्हणून पहिला खंड उघडावा तर 'अ' तेथे नाही. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत, अकारविल्हे सहाव्यापासून सुरू होते. मराठी विश्वकोशाची गंमत निराळी. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये निघाला आणि पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये. विसावा पूर्वार्ध-उत्तरार्ध अशा दोन पुस्तकांत. म्हणजे खंड विसावा आला तरी पुस्तके वीस होत नाहीत. ग्रंथालयांची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही, नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ चे आहे. तेथे असे कोश हाताळणारी मंडळी या गोष्टी सवयीने जाणतात. गावोगावच्या छोट्या ग्रंथालयात त्या कोणी सांगत नाही.

पर्युषण झाले आणि संघाच्या बैठकीत ग्रंथालयाचा विषय निघाला. स्थानकाच्या दुरुस्तीत एक भिंत मागे सरकवायची होती आणि दोन कपाटे कमी करायची होती. एका सदस्याने सुचवले की ज्या संचांचे भाग अपुरे आहेत ते आधी काढावेत. रद्दीत अर्थातच नाही, ती ज्ञानाची आशातना होईल, पण कोठेतरी देऊन टाकावेत. "बारा कपांतला एक फुटला की डझन विकता येत नाही," असे ते म्हणाले, आणि व्यापारी माणसाला हे पटण्यासारखेच होते. सूनबाईंनी तोवर अपूर्ण संचांची यादी केलेली होती. यादीच्या शिरोभागी 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' : पन्नासांपैकी केवळ दोन भाग. कोण्या वकिलांनी कधीकाळी दिलेले. यांच्यापासूनच सुरुवात करावी, असे सर्वांचे मत पडले.

सूनबाई बैठकीत दाराशी बसल्या होत्या. बोलावे की नाही असा विचार करून त्या उठल्या आणि ती दोन पुस्तके घेऊन आल्या. मॅक्स म्युलर यांनी संपादित केलेली ही पन्नास भागांची माला ऑक्सफर्डहून १८७९ ते १९१० या काळात निघाली. तिच्यात पूर्वेकडच्या अनेक धर्मांचे ग्रंथ इंग्रजीत आणले गेले. ग्रंथालयात असलेले भाग होते बाविसावा आणि पंचेचाळिसावा. बाविसावा १८८४ चा, हर्मन याकोबी यांनी केलेला आचारांग आणि कल्पसूत्राचा अनुवाद. पंचेचाळिसावा १८९५ चा, त्यात उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग. जैन आगमांचे भाग त्या मालेत हेच दोन. देणाऱ्या वकिलांना काय द्यायचे ते नेमके ठाऊक होते.

"पण हे कोणाला कळणार?" सदस्यांनी विचारले, आणि प्रश्न योग्य होता. त्या मालेच्या लिप्यंतर पद्धतीत 'ज' साठी 'जे' वापरलेला नाही, तिरपा 'जी' वापरला आहे. शीर्षकपानावर जैन हा शब्द इंग्रजीत सरळ वाचला तर 'गैन' असा दिसतो. नोंदवहीत काकाजींनी मालेचे नाव उतरवून 'भाग २२, ४५' लिहिले होते, ग्रंथांची नावे लिहिलीच नव्हती. म्हणजे एक आगम चार भागांचा असून तीनच भागांचा उरला होता आणि नोंदवही त्याला पूर्ण म्हणत होती. आणि पन्नासांपैकी दोनच भाग असून जे हवे ते सगळे हाताशी होते, त्याला नोंदवही अपूर्ण म्हणत होती.

यानंतर काकाजी बोलायला उभे राहिले. ते बैठकांत फारसे बोलत नसत. "भगवतीचा तिसरा भाग आपल्याकडे नाही," ते म्हणाले. "कधीपासून नाही ते मला सांगता येत नाही. दरवर्षी मी बरोबर म्हणून सही केली आहे. ते बरोबर नव्हते. सगळ्या वह्या नव्याने तपासून होईपर्यंत एकही पुस्तक बाहेर जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे." कोणी काही म्हटले नाही. कपाटांचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला. पुढे त्या दोन कपाटांना जिन्याखाली जागा मिळाली. ती जागा दमट आहे, ही गोष्ट वेगळी.

देवघेव वहीतही तोच दोष होता. 'भगवती १', एवढेच. कोणता भाग, ते नाही. अशा ओळी पुष्कळ होत्या आणि बहुतेकींसमोर परत आल्याची खूण होती. अकरा वर्षांपूर्वीची एक ओळ मात्र उघडी होती. ज्या श्राविकेच्या नावावर ती होती, त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांच्या मुलाचे बाजारपेठेत किराणा दुकान होते. काकाजी आणि सूनबाई एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले.

दुकानदारांनी प्रथम ठामपणे सांगितले की घरी ग्रंथालयाचे पुस्तक नाही. आईचे स्वतःचे भगवती आहे, ते तिच्या वस्तूंबरोबर आहे. मग त्यांनी आतून एक पांढरा रुमाल आणला. त्यात सामायिकाचे आसन, मुहपत्ती, माळ आणि तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेला जाड ग्रंथ. काकाजींनी वेष्टण जरासे मागे केले. आतल्या पानावर संघाचा शिक्का होता, क्रमांक २१२. कागदाच्या चिठ्ठ्या बाराव्या शतकापाशी दाट होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाई नातवंडांकडून हिंदी वाचायला शिकल्या होत्या, असे दुकानदारांनी सांगितले. शेवटची दोन वर्षे त्या रोज दुपारी जयंतीचेच पान उघडत. पुढचे वाचायचे तर म्हणत, एवढे कळू दे आधी.

दुकानदार अवघडले. "काकाजी, नवा पूर्ण संच आणून देतो. चारी भागांचे पैसे घ्या, त्याच्यावर ज्ञानखात्यात देणगीही लिहा. हे राहू द्या."

काकाजींना उत्तर सुचले नाही. संघाची वस्तू संघात यायला हवी, हे त्यांच्या रक्तात होते. आणि समोरचा मनुष्य व्यवहाराने चुकत नव्हता, उलट चौपट देत होता. सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, पैसे नकोत. पुस्तक सध्या तुमच्याकडे असू द्या. फक्त मी तालिकेत लिहिते, तिसरा भाग आहे आणि वाचकाकडे आहे."

परतताना काकाजी बराच वेळ गप्प होते. "असे लिहून चालते, बेटा?" त्यांनी शेवटी विचारले.

"तसेच आहे ना, काकाजी."

त्या आठवड्यात भगवतीची नोंद नव्याने झाली. पहिल्या भागाकडे जुना २१२ हा क्रमांक राहिला. दुसरा आणि चौथा यांना १३०६ आणि १३०७ असे नवे क्रमांक मिळाले. तिसरा हाती नव्हता, म्हणून त्याला क्रमांक नाही. तालिकेत मुख्य नोंदीखाली चार ओळी आल्या आणि तिसऱ्या ओळीत तो वाचकाकडे असल्याचे लिहिले गेले. काकाजी येता-जाता ते कार्ड काढून पाहत. इतक्या वर्षांत ग्रंथालयात न्यून असल्याचे त्यांच्या हाताखाली प्रथमच लेखी आले होते.

ज्ञानपंचमीला दरवर्षीप्रमाणे कपाटे उघडली, पुस्तके बाहेर काढून फडक्याने पुसली, पाट मांडले. दुपारी दुकानदार आले. हातात तोच रुमाल होता, पण त्यात केवळ ग्रंथ. आसन आणि माळ घरी ठेवली होती. आतल्या चिठ्ठ्या तशाच होत्या, त्या काढू नका एवढेच ते म्हणाले. सूनबाईंनी त्या काढल्या नाहीत, पण काळजीपूर्वक मोजून संख्या नोंदीत लिहिली.

काकाजी दाखल नोंदवही घेऊन बसले. मधल्या काळात भेट आलेली पुस्तके चढली होती, त्यामुळे पुढचा रिकामा क्रमांक १३९१ होता. त्यांचे पेन थांबले. "तिसऱ्याचा क्रमांक चौथ्याच्या नंतर?"

"माल आला तशी नोंद, काकाजी. क्रम लावायला खतावणी आहे."

काकाजींनी लिहिले. संध्याकाळी तो भाग महासतीजींकडे गेला. त्यांनी तो पडिहारी म्हणून, म्हणजे परत करण्याच्या बोलीने, ठेवून घेतला आणि चातुर्मास संपून विहाराची वेळ आली तेव्हा आदल्या दिवशी आठवणीने परत पाठवला, चिठ्ठ्यांसह.

मार्गशीर्षात एका रविवारी दुकानदार पुन्हा ग्रंथालयात आले. कपाटांपुढे थोडे रेंगाळले. मग म्हणाले की आई काय वाचत होती ते एकदा पाहावे असे वाटते आहे, पुस्तक घरी नेता येईल का. काकाजींनी देवघेव वही ओढली, तारीख घातली आणि लिहिले : 'भगवती सूत्र, भाग ३, दाखल क्र. १३९१.' मग वही त्यांच्यापुढे सहीसाठी सरकवली आणि परतीची तारीख कोणती लिहू, असे विचारले.